मरळीची राखण

एका दाट रानात, तीन टेकड्यांच्या कुशीत एक मोठे तळे होते. त्या तळ्याच्या काठी, जांभळीच्या मुळांखालच्या बिळात एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. मुलांनो, पाणमांजर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. ते मुंगसाहून बरेच मोठे असते. अंगाने लांबट, तोंडाने मिशाळ, जमिनीवर जरा बेंगरूळ. पण पाण्यात शिरले की माशालाही मागे टाकते. ही पाणमांजरी तर बुडी मारण्यात फारच तरबेज होती. स्वभाव मात्र तिचा भारी काळजीचा. पिल्ले झोपली की सगळ्या आया सुटकेचा निःश्वास टाकतात. ही मात्र पिल्लांच्या नाकाला नाक लावून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते पाहत बसे. वारा पडला तरी तिला घोर आणि वारा सुटला तरी घोर.

आणि त्या वर्षी घोर लागावा असेच घडले होते. मागच्या पावसाळ्यात वरच्या अंगाला माणसांचे एक शेततळे फुटले. त्या लोंढ्याबरोबर चिलापी नावाचे मासे वाहत वाहत या तळ्यात आले. सुरुवातीला सगळ्यांना आनंदच झाला. बगळे म्हणाले, "घरबसल्या जेवण आलं!" पण चिलापीची गोष्टच वेगळी. मोठ्या चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग. लहान चोचीच्या पाखरांना ती गिळता येईना. ती तळाचे शेवाळ खाई, बेडकांची अंडी खाई, दुसऱ्या माशांची अंडी तर शोधून शोधून खाई. स्वतःची अंडी मात्र तोंडात धरून जपे, म्हणून तिची एकही वीण फुकट जात नसे. हिवाळा सरेपर्यंत तळ्यातले खवले मासे विरळ झाले. झिंगे दिसेनासे झाले. पाणी गढूळ राहू लागले.

त्यातच दूरदेशी निघालेल्या एका चक्रवाकाने जाता जाता सांगितले, "पलीकडच्या खोऱ्यातलं तळं मेलं. आधी असंच झालं होतं. मग उन्हाळ्यात एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. आता तिथे कोणी राहत नाही. वास येतो नुसता."

ते ऐकल्यापासून पाणमांजरीने एक नवी सवय लावून घेतली. रोज पहाटे बिळातून बाहेर येताच ती आधी नाक वर करून वास घेई आणि मगच पिल्लांना बाहेर बोलावी.

अखेर तळ्याकाठच्या सगळ्यांनी मिळून सभा भरवली. सभेची प्रमुख होती एक म्हातारी कासवीण. तिच्या पाठीवरच्या कवचावर शेवाळ धरले होते. बोलणे तिचे मोजके आणि तोडून टाकल्यासारखे. पण तळ्याचा तळ तिच्याइतका कोणीच पाहिलेला नव्हता. ठरले असे, की ज्यांना खोल बुडी मारता येते त्यांनी चिलाप्या धरून कमी करायच्या. खोल पाण्यातली शिकार एरवी सभेने बंद केलेली होती. ती फक्त या पाणबुड्यांना मोकळी करायची. पाणमांजरीची निवड झाली. एका पाणकावळ्याची झाली. काही टिबुकल्याही पुढे आल्या. टिबुकल्या म्हणजे बदकासारखी दिसणारी, मुठीएवढी, बुडी मारणारी पाखरे.

"कामाआधी नियम ऐका," कासवीण म्हणाली. "उतरायचं ते जोडीनं. एक पाण्यात, एक वर. वरच्यानं पाण्यावरून नजर काढायची नाही. चिलापी सोडून दुसऱ्या कुठल्याही माशाला दात लावायचा नाही. ओळख पटली नाही, तर सोडून द्या. धरलेली चिलापी काठावर आणून तिथेच मारायची, जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही. कळलं?"

"कळलं, आजी," सगळे म्हणाले.

"आणि वाळुंजाच्या कोपऱ्यात उतरायचं नाही. मरळीची पिल्लं मोठी होईपर्यंत तिथे कोणीही जायचं नाही."

वाळुंजाचा कोपरा म्हणजे तळ्याची एक चिंचोळी, उथळ बगल. काठच्या वाळुंज नावाच्या झाडांची मुळे तिथे पाण्यात उतरून त्यांचे जाळे झाले होते. उन्हाळ्याच्या शेवटी मरळ जातीचे मोठे मासे तिथे लव्हाळ्यांत घरटे करत आणि अंडी घालत.

पाणकावळा ऐटीत मान उंचावून म्हणाला, "आणि चिलाप्या नेमक्या तिथेच जाऊन लपल्या तर?"

"तर लपू देत."

"अहो आजी, पण का?"

"सांगितलं ना, नाही म्हणून!" असे म्हणून कासवीण पाण्यात शिरलीसुद्धा.

पाणकावळा आणि पाणमांजरी यांची जोडी ठरली. काम सुरू झाले आणि छान चालले. पाणकावळा धीट होता. तो बाणासारखा खाली जाई, चिलापीला डोक्याकडून धरी, म्हणजे पाठीचे काटे मिटून जात आणि टोचत नसत. पाणमांजरी खडकावर बसून पाण्याकडे टक लावून बघे. त्याला फार वेळ लागला, की ती शेपटी पाण्यावर सपकन आपटे. 'वर ये' अशी ती खूण होती. मग तो पंख पसरून उन्हात बसे आणि ती उतरे. काठावर धरलेल्या चिलाप्यांचा ढीग पडे. बगळे, घारी, कोल्हे येऊन खाऊन जात. जो तो पाणकावळ्याचे कौतुक करी. "तुम्ही आहात म्हणून तळं आहे हो!" असे कोणी म्हणाले की त्याची छाती फुगे.

हळूहळू तो शेपटीच्या खुणेकडे दुर्लक्ष करू लागला. एकदा तर पाणी कितीतरी वेळ नुसते स्तब्ध राहिले. पाणमांजरीने शेपटी आपटून आपटून पाणी उसळवले. ती आता उडी घेणार, एवढ्यात तो निवांत वर आला.

"दादा, खूण ऐकू येत नाही का तुला?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"येते की, ताई. पण चोचीत येणारी चिलापी सोडून वर यायचं? आपण पुण्याचं काम करतोय. पुण्याच्या कामात असं पदोपदी कोण अडवतं?"

आणखी एकदा त्याच्या चोचीत शिंगटी दिसली. शिंगटी हा मासा तळ्यातलाच, जुना. तो ती घाईघाईने गिळून म्हणाला, "घाण पाण्यात ओळखूच आली नाही बघ!" पाणमांजरीला ते खरे वाटले नाही. कासविणीला सांगावे असे तिच्या मनात आले. पण मग वाटले, हा रागावला आणि काम सोडून गेला तर? चक्रवाकाने सांगितलेले ते मेलेले तळे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ती गप्प बसली.

ऊन वाढत गेले. तळ्याचे पाणी काठापासून मागे सरले. मोकळ्या पाण्यातल्या चिलाप्या आता हुशार झाल्या होत्या. पाणकावळ्याची सावली दिसली की पळत. एके सकाळी दोघांना सगळे तळे धुंडाळूनही काहीच मिळाले नाही. थकून ती दोघे वाळुंजाच्या कोपऱ्याच्या तोंडाशी असलेल्या खडकावर येऊन बसली. आणि पाहतात तो काय! कोपऱ्याच्या तोंडाशी चिलाप्याच चिलाप्या. करड्या पाठींची नुसती दाटी झाली होती. त्या आत जात, थोड्या वेळाने सुसाट बाहेर येत, पुन्हा आत डोकावत.

"ताई, बघितलंस?" पाणकावळा कुजबुजला. "एवढ्या सगळ्या एका जागी! आत कोंडल्या तर आज कामच संपेल."

"नाही दादा. आजींनी काय सांगितलंय?"

"आजींनी सांगितलं तेव्हा चिलाप्या इथे नव्हत्या. तूच बघ, त्या आत कशाला जातायत? मरळीची पिल्लं खायला. आपण इथे नियम धरून बसायचं आणि त्या तिकडे पिल्लं फस्त करणार. हे बरं दिसतं का?"

पाणमांजरीने पुढे वाकून पाहिले. आत लव्हाळ्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात नारिंगी रंगाचा एक गोळा हलत होता. मरळीची इवलीइवली पिल्ले अशी एकमेकांना खेटून फिरतात. गोळ्याच्या खाली एक लांब काळी सावली सावकाश फिरत होती, आणि थोड्या अंतरावर दुसरी. ती पिल्लांची आई आणि बाप. एक चिलापी आत शिरली. तेवढ्यात काळी सावली सळकन वळली आणि चिलापी बाहेर पळाली. पण दुसरी आत आलीच. मग तिसरी.

"ताई, आज यांना इथे सोडलं तर पुढच्या वर्षी हे तळं कोणाचं असेल? तुझ्या पिल्लांचं, की चिलापीचं?"

हा घाव वर्मी बसला. मुलांनो, खरे सांगायचे तर पाणमांजरीला ना हाव होती ना मिरवायची हौस. तिला फक्त भीती वाटत होती. आणि जिवाला भीती लागली, की समोर दिसेल ते झटपट करून टाकावे असे वाटते; थांबणे तेवढे जमत नाही.

"लवकर आटप मग," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाही. शेपटी आपटली की वर ये, शपथ आहे तुला."

पाणकावळा आत शिरला. पहिल्या बुडीत चिलापी घेऊन आला. दुसऱ्या बुडीतही आला. तिसऱ्या वेळी मात्र पाणी खळबळले आणि तो पंख झाडत, धापा टाकत वर आला.

"ढुशी मारली मरळीने मला! अगं, तिच्यासाठीच राबतोय मी आणि माझ्याच बरगड्या मोडते! ताई, तू ये आत. तिला जरा वेळ बाजूला हाकल. तेवढ्यात मी सगळ्या उचलतो."

"वर कोण थांबणार मग?"

"वर कशाला कोण हवं? डबक्याएवढं तर पाणी आहे!"

पाणमांजरीने इकडेतिकडे पाहिले. काठावर कोणीच नव्हते. मागे वळून तिने आपल्या बिळाकडे एकदा पाहिले. आणि ती पाण्यात उतरली.

तिला काही करावेच लागले नाही. पाणमांजरांनी पिढ्यान्‌पिढ्या मरळी खाल्ल्या होत्या; तिचा नुसता वास पाण्यात पसरला आणि दोन्ही मरळी पाण्याला उकळी फुटावी तशा उसळून दिसेनाशा झाल्या. मागे उरला तो नारिंगी गोळा. पिल्ले जागच्या जागी थरथरत होती. आई कुठे गेली हे त्यांना कळत नव्हते, म्हणून ती एकमेकांच्या आणखी जवळ सरकली.

आणि तेवढ्यात चिलाप्या आल्या. समोरून, मागून, लव्हाळ्यांच्या प्रत्येक फटीतून आल्या. पाणमांजरी वळली, दात विचकून त्यांच्या अंगावर गेली. एकीला चावली, दुसरीला पंजा मारला. पण एक हटवावी तर चार शिरत. तिच्या धडपडीने तळाचा गाळ उठला. पाणी चहासारखे झाले. गाळातून नारिंगी ठिपके लुकलुकताना दिसले. मग थोडे दिसले. मग एकही दिसेना.

ती वर आली. डोक्यावर ऊन होते, पाखरे ओरडत होती, सगळे जिथल्या तिथे होते. "दादा!" तिने हाक मारली. "दादा, चल, निघू या इथून!"

पाणकावळा वर नव्हता.

तिने खडकाकडे पाहिले. खडक रिकामा. ती थांबली. आता येईल, आता येईल. तिने शेपटी पाण्यावर आपटली, पुन्हा आपटली. एकही बुडबुडा नाही. तो खाली कधी गेला, कुठल्या बाजूला गेला, हे पाहायला वर कोणी नव्हतेच. पण या वेळी ती थांबली नाही.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता. ती मिशांनी आणि पंजांनी चाचपडत गेली. लव्हाळी. दगड. मग वाळुंजाच्या मुळांचे जाळे. एका फटीतून दुसऱ्या फटीत हात घालत ती पुढे सरकत राहिली. छाती फुटायला आली तेव्हा वर जाऊन तिने एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली. मुळांच्या अगदी आतल्या कोनात तिच्या पंजाला काहीतरी मऊ लागले. पिसे! मोठ्या चिलापीमागे तो मुळांत घुसला होता आणि त्याचा पाय अडकून बसला होता. तो आता धडपडतही नव्हता. तिने मूळ दातांत धरले आणि कुरतडू लागली. ओले मूळ चिवट होते. दात दुखले, हिरड्यांतून रक्त आले. शेवटी मूळ तुटले आणि तिने त्याला मानेला धरून ओढत काठावर आणले.

कितीतरी वेळ तो चिंधीसारखा पडून राहिला. ती त्याच्या पोटावर डोके घासत होती. मग त्याच्या चोचीतून भडाभडा पाणी आले आणि तो खोकला.

बोलता येऊ लागल्यावर त्याचा पहिला शब्द होता, "पिल्लं?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

पाणकावळ्याने आजूबाजूला पाहिले. मग चाचरत म्हणाला, "ताई, कोणी पाहिलेलं नाही. म्हणू, बगळ्यांनी खाल्ली. नाहीतर म्हणू, पाणी आटलं म्हणून मेली. मरळ काही सभेत येऊन सांगणार नाही."

पाणमांजरीला क्षणभर ते ऐकावेसे वाटले. सभेत सगळ्यांच्या नजरा, कासविणीचा तो तुटक आवाज, पिल्लांना कोणीतरी 'तुझ्या आईने' म्हणून टोचणे, सगळे तिच्या डोळ्यांपुढून सरकले. पण तेवढ्यात तिची नजर पाण्याकडे गेली. खाऊन सोकावलेल्या चिलाप्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्या कोपऱ्यात आणखी आत, पलीकडच्या लव्हाळ्यांकडे सरकत होत्या. आणि तिथेही पाण्यात एक नारिंगी गोळा हलत होता. दुसऱ्या मरळीचे घरटे! त्याच्याभोवती एकच जोडपे, आणि समोर एवढी फौज.

"आत्ताच सांगायला हवं," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

"तुला हाकलून देतील, ताई!"

ती ऐकायला थांबली नाही. ओल्या अंगाने, काठाकाठाने, ठेचकाळत ती धावत सुटली. कासवीण पलीकडच्या पुळणीवर ऊन खात होती, भोवती बगळे आणि टिबुकल्या होत्या. पाणमांजरीने धापा टाकत सगळे एका दमात सांगितले. काही लपवले नाही.

सगळीकडे एकच गलका झाला. "पाणकावळ्याचंच हे काम! हिला त्यानेच भरीला घातलं," एक टिबुकली म्हणाली.

"मीही गेले होते," पाणमांजरी म्हणाली. "मरळीला मीच हाकललं. पण ते नंतर. आजी, दुसरं घरटं जाईल हो! मी उतरू का? मी सगळ्या चिलाप्यांना..."

"तू उतरू नकोस!" कासवीण पहिल्यांदाच ओरडून बोलली. "तुझ्या वासानं ती मरळही पळेल. अजून नाही कळलं तुला? त्या कोपऱ्यात चिलापीला धाक आपला नव्हताच, मरळीचा होता. आपण तिथे जायचं नाही, एवढंच आपलं काम होतं."

पाणमांजरीने पाण्याकडे टाकलेले पाऊल मागे घेतले.

कासविणीने बगळ्यांकडे मान वळवली. "कोपऱ्याचं तोंड उथळ आहे. तिथे जाऊन ओळीनं उभे राहा. पाय हलवू नका, आत एक पाऊल टाकू नका. बाहेरून येणारी चिलापी तेवढी अडवा. आत आहेत त्यांचं मरळ बघेल. तिला पुरेल की नाही, मला ठाऊक नाही."

बगळे उडाले. मागोमाग सगळे काठावर जमले. आणि मग सुरू झाले नुसते पाहत राहणे. पाणमांजरीने आयुष्यात त्याहून अवघड काम केले नव्हते. आत मरळीचे जोडपे चिलाप्यांवर तुटून पडत होते. पाणी उसळे, शांत होई. नारिंगी गोळा फुटून त्याचे दोन तुकडे होत, पुन्हा जुळे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा लहान दिसे. पाणमांजरीचे पंजे वाळूत रुतले होते. अंगातला कणन्‌कण म्हणत होता, उडी घे, उडी घे. ती बसून राहिली.

मागून खरडत काहीतरी येत असल्याचा आवाज झाला. पाणकावळा होता. दुखावलेला पाय ओढत, पंख टेकत तो एवढे अंतर चालत आला होता.

"आत जायचं माझ्या मनात आलं," तो कासविणीसमोर मान खाली घालून म्हणाला. "ताईला मी नेलं. आणि शिंगटीही मी ओळखून खाल्ली होती."

कासवीण त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "पाणकावळ्या, तू विचारलं होतंस, का. मी नुसतं नाही म्हणून निघून गेले. सांगायला हवं होतं, तेवढं माझं चुकलं. पण तुला कारण माहीत नव्हतं, म्हणजे कारण नव्हतंच असं नाही."

उन्हे कलेपर्यंत आत शिरलेल्या चिलाप्यांपैकी काही मेल्या, उरलेल्या थकून बाहेर पळाल्या आणि बगळ्यांच्या चोचीत सापडल्या. दुसऱ्या घरट्याची निम्मी पिल्ले वाचली. निम्मीच. पण वाचली.

पाणकावळ्याला आणि पाणमांजरीला पाऊसकाळ संपेपर्यंत खोल पाणी बंद झाले. दोघांनी ते मुकाट्याने मान्य केले. पाणकावळ्याचा पाय बरा झाला, पण त्याची बुडी पूर्वीसारखी राहिली नाही. पुढे तो पाण्यात उतरण्यापेक्षा वर राखणीला बसणे पसंत करी, आणि दुसरा खाली असताना पापणीही लववत नसे. काम टिबुकल्यांनी चालू ठेवले. चिलाप्या संपल्या नाहीत, पण आटोक्यात आल्या. वाचलेली मरळीची पिल्ले काळसर झाली, मोठी झाली, गोळा मोडून तळ्यात पांगली आणि चिलापीच्याच पोरांवर ताव मारू लागली. ते पाहून टिबुकल्यांनी पाण्यावर धावत सुटून आनंद साजरा केला.

पाणमांजरी मात्र रोज एकदा त्या खडकावर जाऊन बसे. पहिल्या घरट्याचे मरळीचे जोडपे परत आले होते. लव्हाळ्यांमधल्या त्या मोकळ्या पाण्याभोवती ते सावकाश फिरत राही. एखादी चिलापी जवळ आली की झेप घेऊन तिला हाकलून लावी आणि पुन्हा फिरू लागे. मध्ये काहीच नव्हते.

एकदा पाणमांजरीची पिल्ले तिच्या मागोमाग खडकावर आली. खाली वाकून वाकून बघितल्यावर धाकट्याने विचारले, "आई, ती मरळ काय राखतेय गं? तिथे तर काहीच नाही."

पाणमांजरीला 'काही नाही, चला घरी' असे म्हणता आले असते. तिने धाकट्याला जवळ ओढून घेतले.

"तिची पिल्लं होती तिथे," ती म्हणाली. "मी त्यांना वाचवायला गेले, म्हणून ती गेली."

पिल्लांना ते नीटसे कळले नाही. ती आईला बिलगून बसली, आणि खाली ती काळी सावली रिकाम्या पाण्याला वेढे घालत राहिली.

तात्पर्य : काम चांगले आहे म्हणून त्याचे नियम मोडायची मुभा कोणालाच मिळत नाही; आणि काळजीच्या भरात केलेली घाई, ज्याला वाचवायला निघालो त्याच्याच जिवावर बेतते.